पिलवंडांचा हत्ती

मला दोन सुयांवर तीनच वस्तू विणता येतात: टोपडं, पायमोजे आणि बिनबाह्यांचा स्वेटर. तिन्ही तान्ह्या बाळाच्या मापाच्या. मोठ्या माणसाच्या अंगाचं काही विणायला घेतलं की माझा धीर सुटतो आणि ते सुयांसकट कपाटात जाऊन पडतं. यांच्यासाठी घेतलेला एक स्वेटर गळ्यापर्यंत येऊन थांबला, त्याला आता इतकी वर्षं झाली की यांचा गळाच बदलला.

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. हिवाळ्यात मोकळ्या तासाला शिक्षकांच्या खोलीत आम्ही बाया विणायला बसायचो. कुणाच्या ना कुणाच्या घरी बाळंतपण असायचंच. त्यामुळे या तीन वस्तूंवर हात असा बसला की खाली बघावं लागत नसे. वेळापत्रकावरून मुख्याध्यापकांशी हुज्जत घालता घालता मी टोपड्याचे शेवटचे टाके बंद केलेले आहेत. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचा सगळा घोळ या हातांनीच घातला.

गेल्या वर्षी श्रावणात लेकीचा पुण्याहून फोन आला. "आई, दिवस राहिलेत, चौथा सरत आलाय," म्हणाली. ही तिसरी वेळ होती. पहिल्या वेळी तिनं हौसेनं बोटभर लांबीचे बूट आणले होते, त्यांचा फोटो घरातल्या सगळ्यांना पाठवला होता. ते राहिलं नाही. तो फोटो नंतर तिनं स्वतःच्या हातानं काढून टाकला. दुसऱ्या वेळी तर काहीच आणलं नव्हतं, तरी तेही गेलं. डॉक्टरांना ठोस कारण सापडलं नाही. मी विज्ञानाची बाई, मला कारण न सापडण्याचा फार राग येतो. त्या काळात मी सगळ्यांवर खेकसत असे, अगदी दूधवाल्यावरसुद्धा.

घरात मी, हे आणि माझ्या सासूबाई. सासूबाई लासूर स्टेशनकडच्या, शेतीवाडीच्या घरातल्या. गावाकडचं घर दिरांकडं सोपवून त्या मुकुंदवाडीला आमच्याकडं राहायला आल्या तेव्हापासून आमची रोज एक तरी चकमक होते. भाजीत कूट किती घालायचं इथपासून ग्रहणात जेवायचं की नाही इथपर्यंत विषयांना तोटा नाही. मी बोलते जास्त आणि शेवटी होतं त्यांच्या मनासारखं.

त्यांनी लेकीच्या फोनची बातमी ऐकली, देवापुढं साखर ठेवली आणि मला बजावलं, "घरात आता काय बी आणायचं नाय. चिंधी बी नाय."

ही आमच्याकडची रीत आहे. बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी काही आणायचं नाही, शिवायचं नाही, विणायचं तर मुळीच नाही. जन्मल्यावरही पहिले कपडे जुने घालायचे, कुणीतरी वापरलेले, धुऊन धुऊन मऊ झालेले. नव्यावर डोळा पडतो म्हणे. तरुणपणी मी या विषयावर त्यांच्याशी भांडले होते. आता मात्र गप्प राहिले. दुसऱ्या वेळी तरी कुठं काय आणलं होतं, हा मुद्दा माझ्या जिभेवर होता, पण तो मांडून मला काय मिळणार होतं? मला वाद जिंकायचा नव्हता. मला फक्त ते लेकरू हवं होतं.

त्या दिवसापासून सासूबाईंनी 'बाळ' हा शब्दही टाकला. लेकीचा फोन येऊन गेला की विचारायच्या, "तिकडं बरं हाय ना?" आणि 'तिकडं' म्हणताना हात स्वतःच्या पोटापाशी न्यायच्या. मी म्हणायचे, "तिकडं सगळं ठीक आहे." एवढ्यावर आमचं भागायचं.

पण माझ्या हातांना कोण सांगणार? दुपारी जेवणं झाली की बोटं नुसती वळवळायची. रिटायर झाल्यापासून मी विणलं नव्हतं आणि आता नेमकं विणायचं नाही म्हटल्यावर दुसरं काही सुचेना. भाद्रपदात महालक्ष्म्या येणार होत्या. त्यांच्या साड्यांना लावायला जर आणायची म्हणून मी गुलमंडीला गेले. जरीच्या दुकानात एका बाजूला लोकरीचे गुंडे रचून ठेवलेले. माझा हात आपोआप पिवळ्या रंगाच्या मऊ गुंड्यावर गेला. दुकानदार ओळखीचा होता, मी शाळेत असताना लोकर त्याच्याकडूनच नेत असे. तो हसून म्हणाला, "क्या भाभी, घर में बच्चा आ रहा क्या?"

मी हात असा मागं घेतला की समोरचे दोन गुंडे घरंगळत खाली गेले.

"नाही नाही," म्हटलं. "हत्ती करायचाय."

हत्ती कुठून आला, देव जाणे. तोंडात आला आणि बाहेर पडला.

"हाथी?" तो विचारात पडला. "हाथी के वास्ते पीला कायकू? ग्रे लेव ना." आणि त्यानं राखाडी रंगाचे गुंडे काढून पिशवीत घातले. रिक्षात बसल्यावर पिशवीत डोकावून बघितलं, तर हत्तीला पुरून उरेल एवढी लोकर होती.

घरी आल्यावर सासूबाईंनी पिशवी पाहिली. जर बाजूला ठेवली, खालचे गुंडे दाबून बघितले आणि माझ्याकडं बघत राहिल्या.

"महालक्ष्म्यांपुढं ठेवायला हत्ती करते," मी म्हणाले. "पिलवंडांना खेळायला."

इकडच्या महालक्ष्म्या एकट्या येत नाहीत. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, आणि त्यांच्याबरोबर त्यांची दोन लेकरं, एक मुलगा नि एक मुलगी. त्यांना आम्ही पिलवंडं म्हणतो. त्यांनाही मुखवटे असतात, कपडे असतात, पानात घास असतो. समोरच्या आराशीत आम्ही त्यांची खेळणी मांडतो. तेव्हा हत्तीचं निमित्त तसं कुठंही खोटं ठरत नव्हतं.

"लोकर खरी हाय ना?" सासूबाईंनी विचारलं. "देवापुढं लोकर चालती."

"खरी आहे," मी ठोकून दिलं. ती ॲक्रिलिक होती.

आता हत्ती करायचा कसा? मोबाइलवर व्हिडिओ बघितले. त्यातल्या सगळ्या बाया एका आकड्याच्या सुईनं गोल गोल विणत होत्या आणि तो प्रकार मला येत नाही. म्हटलं, आपल्या दोन सुयांनी करू. आधी डोकं. डोकं म्हणजे काय, पुढून रुंद आणि मागं निमुळतं होत गेलेलं काहीतरी. संध्याकाळी मालिका लावली आणि टाके घातले. मालिकेतल्या सासूनं सुनेचे दागिने लपवले होते, त्यामुळे माझं सगळं लक्ष तिकडं. दोन दिवस संध्याकाळी असं चाललं. तिसऱ्या दिवशी मी चहा टाकायला आत गेले आणि विणकाम दिवाणावरच राहिलं.

बाहेर आले तर सासूबाईंनी ते हातात घेतलं होतं. स्वतःच्या मुठीवर चढवलं होतं.

"हे काय हाय?" त्यांनी हळूच विचारलं.

"हत्तीचं डोकं."

"हत्तीच्या डोक्याला बंद कशापायी?"

मी बघितलं. खरंच दोन्ही बाजूंनी बंद लोंबत होते. हनुवटीखाली गाठ मारायचे, छान पिळाचे, टोकाला गोंडे असलेले बंद. ते मी केव्हा केले, मला अजूनही आठवत नाही. कडेची पट्टी, मागचे कमी करत आणलेले टाके, कान झाकणारी बाजू, सगळं जिथल्या तिथं होतं. ते टोपडं होतं. मी नातवंडासाठी टोपडं विणून ठेवलं होतं आणि अजून निम्मे दिवसही भरले नव्हते.

शाळेत मुलांना मांजर आडवं जाण्याची भीती कशी खुळी आहे हे फळ्यावर मांडून सांगणारी मी, आणि त्या दिवाणापुढं ट्रे धरून घाबरून उभी होते. मला लेकीचा चेहरा दिसत होता. तो फोटो काढून टाकलेला दिवस दिसत होता.

ट्रे ठेवला आणि म्हटलं, "द्या इकडं. उसवून टाकते."

सासूबाईंनी मूठ छातीशी धरली. "उसवू नको!" त्या इतक्या जोरात ओरडल्या की आतून हे धावत आले. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "असलं इणलेलं उसवत्यात व्हय?"

त्यांचं बरोबर होतं. म्हणजे बरोबर होतं असं मला त्या घटकेला वाटलं. टोपडं ठेवता येत नव्हतं आणि उसवताही येत नव्हतं. धागा ओढायचा आणि ते बघता बघता नाहीसं व्हायचं, हे माझ्या हातानं झालंच नसतं. आम्ही दोघी दिवाणावर बसून राहिलो. चहावर साय आली. ह्यांनी एकदा आमच्याकडं आणि एकदा त्या टोपड्याकडं बघितलं आणि आत निघून गेले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर तेवढं कळतं त्यांना.

शेवटी सासूबाई उठल्या. आपल्या खोलीतून वातींच्या कापसाचा डबा घेऊन आल्या. गावाकडून आलेला कापूस, सरकी हातानं वेचून काढलेला, वर्षभराच्या वातींसाठी राखलेला. त्याला त्या दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

"भर," म्हणाल्या. "हत्तीचं डोस्कं म्हणलीस ना? मग हत्तीचं डोस्कं कर त्याचं."

मी कापूस भरला आणि तोंड शिवून टाकलं. सासूबाईंनी बंदांची गाठ मारली आणि मध्ये एक पितळी घुंगरू ओवलं. आता बघणाऱ्याला ते हत्तीच्या गळ्यातल्या घंटेची दोरी वाटलं असतं. निदान आम्ही तशी आशा केली.

त्यानंतर पाय. पाय कसे करावेत म्हणून मी डोकं खाजवत बसले तर सासूबाई शेंगा निवडता निवडता वर न बघता म्हणाल्या, "मोज्यावानी इणून भर की." मी त्यांच्याकडं बघितलं. त्या शेंगा निवडत होत्या. मी चार पायमोजे विणले. अंगाला काय करावं हे मात्र मी विचारलंच नाही. बिनबाह्यांचा स्वेटर विणला, गळा, हातांची भोकं आणि खालची कड शिवून टाकली आणि तो ठासून भरला. सोंड, शेपूट आणि कान तेवढे नव्यानं करावे लागले. सोंड तीन वेळा बिघडली. कान जरा जास्तच मोठे झाले, ते टोपड्याच्या दोन्ही बाजूंना भक्कम शिवून टाकले. वातींचा सगळा डबा रिकामा झाला. असा आमचा हत्ती उभा राहिला, म्हणजे टेकवला तर उभा राहत होता.

"मला वाटलं तक्क्या केलाय," हे म्हणाले.

महालक्ष्म्या बसल्या. लेकीला डॉक्टरांनी प्रवास करू नको म्हणून सांगितलं होतं, त्यामुळे तिनं व्हिडिओवरून दर्शन घेतलं. मी फोन मुखवट्यांवरून फिरवत पिलवंडांपर्यंत आणला तर तिनं विचारलं, "आई, तो हत्ती कुणी केला?"

"मी."

तिनं चेहरा स्क्रीनजवळ आणला. मग म्हणाली, "गोड आहे." फोन हातात धरून मला रडायला आलं आणि मी घाईघाईनं कॅमेरा पुरणपोळीच्या ताटाकडं वळवला.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका आल्या, हसल्या, हत्तीला गाढव म्हणून गेल्या. शेजारच्या आपा दरवर्षी प्रसादाला येतात. त्यांच्या घरी ईद असली की शिरखुर्म्याचा डबा आमच्याकडं येतो आणि महालक्ष्म्यांची सोळा भाज्यांची भाजी त्यांच्याकडं जाते. त्या आराशीपुढं टेकल्या आणि हत्तीच्या पायाला हात लावून म्हणाल्या, "हाथीने मोजे पैने क्या, भाभी?" मग त्यांची नजर घुंगरावर गेली, बंदांवर गेली आणि माझ्या तोंडावर आली. त्यांनाही चार लेकरं आहेत. त्यांनी हत्तीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अल्ला खैर करेगा." पुढं कुणाला एक अक्षर बोलल्या नाहीत.

तिसऱ्या दिवशी महालक्ष्म्या उठल्या. त्यांचं सगळं सामान आम्ही एका लोखंडी पेटीत ठेवतो आणि ती पेटी पुढच्या भाद्रपदापर्यंत उघडायची नसते. मी म्हटलं, हत्ती बाहेर ठेवू का? सासूबाई म्हणाल्या, "पिलवंडांचं हाय ते. पेटीत जाईल." मला त्यांचा राग आला. इतके दिवस त्याच्याकडं येता जाता बघून मला धीर यायचा. पण महालक्ष्म्यांची पेटी त्या भरतात, किल्लीही त्यांच्याच कमरेला असते. मी दुपारी झोपून उठले तोवर पेटीला कुलूप लागलं होतं.

दिवाळी झाल्यावर जावईबापूंनी लेकीला गाडीतून अगदी सावकाश आणून पोचवलं. तिचं पोट आता चांगलं दिसत होतं. आल्या आल्या ती घरभर फिरली आणि तिच्या जुन्या खोलीतलं कपाट उघडून बघितलं. ते रिकामं होतं.

"काही आणलेलं नाहीस ना?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"बरं केलंस," ती म्हणाली, आणि कपाट हळूच लावून घेतलं. मग विचारलं, "आणि तो हत्ती?"

"पेटीत आहे. आजीनं ठेवलाय."

सासूबाईंचे गुडघे त्या थंडीत फार धरले. त्या दिवसभर आपल्या खोलीत खुर्चीवर बसायच्या, मांडीवर घोंगडी आणि घोंगडीखाली गरम पाण्याची पिशवी. एक हात कायम त्या पिशवीवर, तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललेलं. लेक आत गेली की घोंगडी आणखी वर ओढून घ्यायच्या. मी दोनतीनदा म्हटलं, द्या, पिशवीत गरम पाणी भरून देते. त्या अंगावर आल्या, "गरमच हाय! जा तू तुझ्या कामाला." मला वाटलं, म्हातारपणी माणूस जरा जास्तच तिरसट होतं.

दिवस भरायला अजून वेळ होता, आणि मार्गशीर्ष संपता संपता एका सकाळी लेक नाश्त्याला बसली असताना एकदम उठून उभी राहिली. पाणी गेलं होतं. आम्ही तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि ताबडतोब ऑपरेशनला घेतलं. मी बाकावर बसून होते. मला देवाचं नावसुद्धा घेता येईना, इतकी मी भ्यालेली होते. ह्यांनी माझा हात धरला होता आणि तो इतका घट्ट होता की बांगडीचा वळ उठला.

मग रडणं ऐकू आलं. बारीक, पण चिडलेलं.

नर्सबाई बाहेर आल्या. "मुलगी आहे. वजन थोडं कमी आहे, पण चांगली आहे. डॉक्टर म्हणाल्या, जरा वेळ उबेला ठेवू, संध्याकाळी आईजवळ देऊ." आम्ही दोघं एकमेकांकडं बघून वेड्यासारखे हसलो. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "टोपडं, मोजे, अंगात घालायचं काय आणलंय? थंडी आहे. डोकं उघडं ठेवायचं नाही."

आमच्याकडं एक सुताची गाठ नव्हती.

"समोरच्या दुकानातून आणतो," हे उठले. मी म्हटलं, थांबा. सासूबाईंना आधी विचारू द्या. का थांबवलं, ते मला सांगता येणार नाही. इतका वेळ ज्या गोष्टी सांभाळल्या त्या आता शेवटी मोडायचं धाडस मला होईना. मी जुनं सुती लुगडं आणायला म्हणून रिक्षा केली आणि घरी आले.

सासूबाई दारातच उभ्या होत्या. "तिकडं?" त्यांनी विचारलं.

"मुलगी झाली. रडली. दोघी ठीक आहेत."

त्या उंबऱ्यावरच बसल्या. पदर तोंडावर घेतला. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं, मामंजी गेले तेव्हाही नाही. मी शेजारी बसले आणि टोपड्याचं सांगितलं. हे बाजारातून नवं आणतो म्हणाले, तेही सांगितलं.

"नवं कशाला?" त्या डोळे पुसून म्हणाल्या. उठून आपल्या खोलीत गेल्या आणि खुर्चीवरची घोंगडी बाजूला केली. खाली पिशवी नव्हती. हत्ती होता.

मला आधी तो ओळखूच आला नाही. पाठीवर सगळीकडं बारीक गोळे आले होते. सोंड हात लागून लागून काळपट झाली होती. एक पाय पार चपटा झालेला, आणि अंगाला त्यांच्या गुडघ्याच्या तेलाचा वास येत होता.

"हा पेटीत होता ना?" मी म्हणाले.

"पेटीत ऱ्हाऊन नवाच ऱ्हायला असता," सासूबाई म्हणाल्या. "नवं लेकराला घालत न्हाईत. म्हणून म्या वापरला. रोज मांडीवर घेतला, निजताना उशाला घेतला. लई वापरला. आता जुना झालाय." मग हत्ती माझ्याकडं देऊन म्हणाल्या, "बग बरं, झालाय ना जुना?"

मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले. असं मी त्यांच्यापाशी कधी केलं नव्हतं. त्यांनी मला चार घटका रडू दिलं नाही, पाठीत एक धपका घातला आणि म्हणाल्या, "कात्री आण. ऊन जाईल."

आम्ही अंगणात बसून हत्ती सोडवला. विणकामाचा एकही टाका तुटू न देता फक्त शिवण कापायची होती. मी चष्मा लावून कापत होते आणि त्या कापूस काढून परातीत घालत होत्या. स्वेटर सुटा झाला, चार मोजे सुटे झाले. सोंड आणि शेपूट त्यांनी एका फडक्यात बांधून पेटीवर ठेवलं. म्हणाल्या, "पिलवंडांचं उसनं घेतलंय. भाद्रपदाच्या आत दुसरा करून द्यायचा." घुंगरू काढलं. मी कान उसवायला घेतले तर हात धरला. "कान ऱ्हाऊ दे. घट शिवलंत, टोपड्याला भोक पडंल."

कढत पाणी बादलीत ओतताना मला आठवलं. म्हटलं, "आई, एक सांगायचं होतं. ही खरी लोकर नाही."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "खरी लोकर टोचती. मांडीवर घेतला तवाच कळलं."

दुपारच्या उन्हात गच्चीवर सगळं तासाभरात वाळलं. त्या वेळात सासूबाईंनी परातीतल्या कापसाची एक वात वळली आणि देवापुढं लावली. मग नवी नऊवारी काढायला गेल्या, पुन्हा ठेवून दिली आणि जुनीच नेसल्या.

संध्याकाळी आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा नातीला लेकीजवळ दिलेलं होतं. लाल, सुरकुतलेली, मुठी आवळलेली. माझ्या दोन्ही हातांत मावून जागा उरेल एवढीशी. मी तिला स्वेटर घातला, तो पायांपर्यंत आला. मोजे गुडघ्यांच्या वर गेले. टोपडं सासूबाईंनी घातलं. बंदांची गाठ दोनदा सुटली, पण त्यांनी दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. गाठ बसल्यावर त्या खाली वाकल्या आणि म्हणाल्या, "बाळ." इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. मग आणखी दोनदा म्हणाल्या, "बाळ, माझं बाळ."

लेक उशीवर मान वळवून बघत होती. तिनं हात लांब केला आणि टोपड्याच्या बाजूला लोंबणारा तो भला मोठा राखाडी कान बोटात धरला. तिच्या लक्षात आलं.

"आजी," ती म्हणाली. "तूच म्हणायचीस ना, आधी काही करून ठेवायचं नाही? आणि हे कधी विणून ठेवलंत?"

"आमी कुटं काय इणलं?" सासूबाई म्हणाल्या. "आमी काय बी केलं नवतं. हत्ती व्हता त्यो." आणि माझ्याकडं वळल्या. "व्हय की नाय गं?"

"हो," मी म्हणाले. "हत्तीच होता."